मेळा चाली लावणाऱ्यांचा

लहान मुलांसाठी गाणी रचणारा, त्या गाण्यांना चाली लावणारा आणि त्या चाली वर्गात बसवून घेणारा मनुष्य आपल्या समाजात दुर्मीळ नाही. प्रत्येक शाळेच्या दफ्तरी त्याचे नाव संगीतशिक्षक, बालवाडीशिक्षिका किंवा 'स्नेहसंमेलनाचे काम पाहणारे' अशा एखाद्या सदराखाली नोंदलेले असतेच. परंतु त्याच्या चालीतील उणीव आपुलकीने दाखवून देणारी, एखादी जागा साधली असता मनापासून दाद देणारी आणि पुढच्या खेपेस 'त्या गाण्याचे काय झाले?' असे आवर्जून विचारणारी समव्यवसायी मंडळी त्याला आयुष्यभरात क्वचितच लाभते. ख्यालगायकाला मैफल आहे, कवीला संमेलन आहे, कीर्तनकाराला देवळाचा सभामंडप आहे. मुलांच्या गाण्याचा कारागीर मात्र वर्गाचे दार लोटून घेऊन एकटाच आपले काम करीत राहतो, आणि वर्ग सुटला की त्याची चाल मुलांच्या तोंडी घरोघर पोहोचली तरी तिचा कर्ता कोण हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

प्रस्तुत संग्रहातील गाणी अशा एकाकीपणातून सुटका करून घेतलेल्या काही मंडळींची आहेत. भायखळ्यात, राणीच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर, एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात ही मंडळी रविवारी दुपारी जमतात. या जमावाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही, आणि पदाधिकारी नसल्यामुळे पदासाठी होणारी कुरबूरही नाही. शिरस्ता एवढाच, की येणाऱ्याने एक गाणे आणावे, ते स्वतः म्हणून दाखवावे, आणि ते निदान एका वर्गात मुलांकडून गाऊन घेतलेले असावे. कागदावर सुरेख दिसणाऱ्या परंतु मुलांच्या गळ्यातून कधीच न गेलेल्या गाण्याला तेथे प्रवेश नाही. हा निर्बंध वरवर कडक वाटतो; पण त्याच्यामुळेच त्या सभागृहातील बोलणे हवेत न राहता नेहमी कुठल्यातरी खऱ्या वर्गातील खऱ्या मुलांविषयी होते. मी या मंडळीत पेटी धरून बसणाऱ्यांपैकी एक आहे, आणि प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते त्याच अधिकाराने.

अशा संगतीचा वारसा मुंबईला नवा नाही. 1893 साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, आणि पुढील दशकांत या उत्सवाच्या आश्रयाने मेळ्यांची जी परंपरा फोफावली तिच्यात मुलांच्या समूहगानाची पहिली मोठी शाळा पाहावयास हरकत नाही. एकसारख्या पोशाखातील मुले, हातात टिपऱ्या, मागे पेटी-तबला, आणि नाटकांतील लोकप्रिय पदांच्या चालींवर बेतलेली नवी पदे, असा तो थाट असे. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणारा चाळीतला एखादा कारकून रात्री पद रचून देई, दुसरा ते चालीत बसवी, तिसरा मुलांची तालीम घेई, आणि जिन्यावर बसून ऐकणारे शेजारी न मागता सल्ला देत. त्या पदांपैकी फारच थोडी आज उरली असतील. परंतु तीन माणसांनी मिळून मुलांसाठी एक गाणे उभे करण्याची ती वहिवाट गिरगावापासून लालबाग-परळापर्यंत सर्वत्र मुरली, आणि मराठी बालगीताच्या पुढील इतिहासात जे जे चांगले झाले त्याच्या मुळाशी मला तीच दिसते.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरास स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय 1908 साली मुंबईस आणले, आणि संगीत हे कुलीन घरांतील मुलामुलींनी शिकण्याजोगे शास्त्र आहे हे समाजाच्या गळी उतरविण्यासाठी स्वरलिपीसह क्रमिक पुस्तके तयार केली. त्यांत अगदी लहान वयाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पुस्तकेही होती. तो उपक्रम थोर होता. मात्र त्याचे धोरण मुलाला संगीताकडे नेण्याचे होते. संगीताला मुलाकडे आणण्याचे काम वेगळ्या दिशेने झाले, आणि त्याचे श्रेय द्यावयाचे तर ताराबाई मोडकांना प्रथम द्यावे लागेल. गिजुभाई बधेकांच्या सहकार्याने 1926 साली नूतन बालशिक्षण संघाच्या कामात पडलेल्या ताराबाईंनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केला, आणि पुढे बोर्डी व कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडीचे जे रूप घडविले त्यात गाणे, हालचाल आणि अभिनय ही मुलाच्या शिक्षणाची अंगे म्हणूनच आली. मादाम माँटेसरीची पद्धत या मातीत रुजवावयाची तर आजीच्या तोंडची बडबडगीते, अंगणातले खेळ आणि परिसरातील झाडे-पाखरे यांच्यापासून प्रारंभ केला पाहिजे, हे या दोघींनी प्रत्यक्ष करून दाखविले. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी बेला बार्टोकच्या साथीने खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली आणि त्यांच्या पायावर शालेय संगीतशिक्षण उभारले. 1950 साली केचकेमेत गावी रोज गाणे असलेली प्राथमिक शाळा त्यांच्या प्रेरणेने निघाली, याचा जगभर गौरव झाला आणि तो योग्यच आहे. पण पालघरच्या किनाऱ्यावर, साधनांची वानवा असताना, वारली मुलांच्या बोलीतून वाट काढणाऱ्या आपल्या बायांचे काम त्याच तोलाचे आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

पुढची हकीकत वाचकांच्या कानांत आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. 1953 च्या 'देवबाप्पा' चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल आणि आशा भोसल्यांचा गळा एकत्र आले आणि 'नाच रे मोरा' हे गाणे जन्माला आले. राष्ट्र सेवा दल 1941 साली निघाले. त्याच्या कलापथकाने गावोगाव समूहगान पोहोचविले, आणि साने गुरुजींच्या कथामालेत रमलेल्या राजा मंगळवेढेकरांनी मुलांना गोष्ट आणि गाणे एकाच झोळीतून वाटले. मंगळवेढेकरांची आणि मंगेश पाडगावकरांची गाणी मीना खडीकरांनी चालीत बांधली तेव्हा ती गाण्यासाठी मुलांचेच कोवळे आवाज घेतले, आणि त्यांत त्यांची स्वतःची मुले योगेश व रचना हीही होती. मोठ्या गायिकेने लहान मुलाचा आवाज काढण्यापेक्षा लहान मुलालाच गाऊ द्यावे, हा निर्णय वरवर किरकोळ भासला तरी मराठी ध्वनिमुद्रिकेच्या दृष्टीने तो क्रांतिकारक होता. ज्या घरात तालमीचा आवाज सदैव घुमत असतो तेथेच असे निर्णय सुचतात.

वसंत देसायांविषयी मात्र थोडे थांबलेच पाहिजे. कुडाळजवळच्या सोनवड्याचा हा संगीतकार चित्रपटसृष्टीत यशाच्या शिखरावर पोहोचल्यानंतरही शाळकरी मुलांच्या प्रचंड समूहांकडून एका सुरात, एका तालात गाऊन घेण्याच्या ध्यासाने झपाटलेला होता. 'दो आँखें बारह हाथ' (1957) आणि 'गुड्डी' (1971) या चित्रपटांतील त्यांच्या दोन प्रार्थना देशभरच्या शाळांनी आपल्या परिपाठात घेतल्या, हे कोणत्याही सरकारी फर्मानावाचून घडले. त्या चाली तपासून पाहाव्यात: उड्या लहान, ओळीच्या शेवटी श्वासाला जागा, ठेका असा की मागच्या रांगेतील बेसूर मुलगाही त्यात सामावून जावा. हजार मुलांसमोर उभे राहून ज्याने हात हलविला आहे त्यालाच अशी चाल सुचते. 1975 च्या डिसेंबरात त्यांचे अपघाती निधन झाले. शाळांतील संगीतशिक्षक मात्र त्यांच्याकडून जे शिकले ते अजून वापरीत आहेत, आणि आमच्या रविवारच्या बैठकीत त्यांचे नाव निघाले नाही असे सहसा होत नाही.

आता भायखळ्याकडे वळतो. राणीची बाग 1862 साली खुली झाली आणि आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले तरी मुलांच्या तोंडी जुनेच नाव आहे. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा बालकवितांचा संग्रह 1961 साली निघाला, त्यालाही आता सहा दशके उलटून गेली. तेव्हा मुले हत्तीवर बसण्यासाठी हट्ट करीत. आज तीच बाग पाहावयास येणारी मुले थेट पेंग्विनांच्या काचेपुढे जाऊन उभी राहतात. हे पक्षी 2016 साली आणले गेले आणि 2017 पासून लोकांना पाहावयास मिळू लागले. साहजिकच आमच्या मंडळीतील एका निवृत्त संगीतशिक्षकांनी पेंग्विनावर गाणे आणले. त्या दुपारचा तपशील येथे देतो, कारण संग्रहातील गाणी कशी घडली याचा तो विश्वासार्ह नमुना आहे.

सरांचे ध्रुपद असे होते:

पेंग्विनदादा, पेंग्विनदादा,
कोट कुणाचा घातलास तू?

सोळा मात्रांचे सरळ पादाकुलक. आठ-आठ मात्रांच्या केरव्याच्या दोन आवर्तनांत चपखल बसणारे. पहिली ओळ मध्य सप्तकात खेळून दुसरी ओळ तार गंधारापर्यंत चढत होती, आणि सरांचा गळा तयारीचा असल्यामुळे ऐकताना ती फार शोभली. गाणे संपले तशा एका बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "सर, चाल सुंदर आहे, पण त्या गंधारापर्यंत माझी पोरं गात नाही पोहोचणार, ओरडत पोहोचतील." सरांनी क्षणभर विचार केला आणि मला पेटीवर धैवतावर थांबायला सांगितले. ओळ धैवतावरून षड्जाकडे परतली, आणि 'तू?' या प्रश्नाला जो भाबडेपणा हवा होता तो अकस्मात आला. मग उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकविणाऱ्या आपांनी विचारले, की दोन्ही ओळी मात्रांनी काठोकाठ भरल्या आहेत, तर मुलांनी दम केव्हा घ्यायचा? त्यांनी दुसऱ्या ओळीनंतर एक आवर्तन मोकळे सोडून त्यात दोन टाळ्या घातल्या. सगळ्यांनी टाळ्यांसकट म्हणून पाहिले, आणि गाण्याला पाय फुटले.

खरा वाद निघाला तो अंतऱ्यावर. सरांनी त्यात बर्फाचे घर आणि हिमाचे डोंगर घातले होते. विज्ञान शिकविणाऱ्या एका तरुण शिक्षकाने अदबीने सांगितले, की बागेतले पेंग्विन हंबोल्ट जातीचे. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे रहिवासी, त्यांच्या मुलुखात थंड पाण्याचा प्रवाह आहे, पण बर्फाचे डोंगर नाहीत. मुलांच्या गाण्यात एवढी काटेकोर सत्यता हवी काय, यावर बराच वेळ बोलणे चालले. एका पक्षाचे म्हणणे, कल्पनेला सीमाशुल्क लावू नये. दुसऱ्याचे म्हणणे, मूल उद्या काचेपुढे उभे राहून बर्फ शोधील आणि आपल्यावरचा त्याचा विश्वास उडेल. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. कल्पनेने पेंग्विनाला बोलते करावे, नाचवावे, त्याला लोकलमध्ये बसवून परळला न्यावे. पण ज्या मुलाला आपण बोट दाखवून तो पक्षी दाखविणार त्याला त्या पक्ष्याविषयी खोटे सांगू नये. हा वाद रंगात आला असता शाळेच्या रखवालदाराचा मुलगा, जो दारात उभा राहून सगळे ऐकत होता, त्याने टाळ्यांच्या मोकळ्या जागेनंतर आपली ओळ घातली: "कोट कधी रे काढशील तू?" मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या मुलाला सुचणारा हाच प्रश्न होता, आणि मात्रासुद्धा बिनचूक सोळा! सरांनी बर्फाचा अंतरा वहीत तसाच राहू दिला, त्याच्या शेजारी ही ओळ लिहून घेतली आणि पुढचा सारा अंतरा तिच्यावरून नव्याने बांधला. संग्रहात गाणे त्याच रूपात आहे.

अशा घटनांमुळे मला या संगतीचा आनंद कोणत्याही मैफलीपेक्षा अधिक वाटतो. मैफलीत कलावंत आपली सिद्ध कला श्रोत्यांपुढे मांडतो. येथे अर्धवट गाणे उघडे टाकण्याचे धैर्य माणसाला येते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाने तसल्याच अर्धवट गाण्याशी आठवडाभर झुंज दिलेली असते. कोणाला ध्रुपद सुचते पण अंतरा सुचत नाही, कोणाकडे चाल आहे पण शब्द नाहीत, कोणाची मुले 'ळ' म्हणत नाहीत म्हणून गाणे अडले आहे. बाहेर या अडचणी सांगाव्यात तर ऐकणारा सौजन्याने मान हलवितो. येथे चार माणसे पुढे सरकून बसतात. चहा येतो, बटाटेवडे येतात, आणि मोडकळीस आलेली एखादी ओळ सर्वांच्या हातून फिरत फिरत सावरली जाते. पस्तीस वर्षे वर्गात गाणे शिकविलेल्या बाईंना आपण एका परंपरेतील आहोत असे प्रथम तेथे वाटले, असे त्यांनीच मला सांगितले आहे.

भायखळ्याची वस्ती बहुभाषिक, आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळाही मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून चालत आलेल्या. या इलाख्यात मुलांच्या गाण्याचा साठा किती अमाप आहे हे एकत्र बसल्यावाचून उमगत नाही. उर्दू शाळांतून इक्बालांची 1902 साली लिहिलेली 'बच्चे की दुआ' पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. जवळच माझगावात हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली काढलेली बेने इस्रायलांची शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या समाजाने बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या थाटात गाइली, ही गोष्ट मराठी संगीताच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जावयास हवी. दक्षिणेला भेंडीबाजार, जेथल्या घराण्याच्या सरगमेने अमान अली खाँसाहेबांसारखा गुरू दिला. आणि गोव्याच्या चर्चमधील मेस्त्रींकडून बालपणी स्वरलेखन शिकून आलेली व्हायोलिनवादक मंडळी तर या भागात कैक वर्षे राहत आली आहेत. त्यांच्यापैकी एकांनी आमच्या बैठकीत अर्ध्या मुलांनी चाल म्हणावी आणि अर्ध्यांनी खाली षड्ज-पंचम धरून ठेवावा असा प्रयोग सुचविला. एकाच ओळीत सर्वांनी गाण्याची आपल्या मुलांची सवय. पहिल्या दोन खेपांस सगळे वरच्याच सुरात शिरले. तिसऱ्या खेपेस खालची मुले आपल्या जागी टिकली आणि वर्गभर जो नाद भरला तो ऐकून स्वतः गाणारी मुलेच गप्प होऊन एकमेकांकडे पाहू लागली, असे ज्या शिक्षिकेने तो प्रयोग वर्गात केला तिने पुढच्या रविवारी येऊन सांगितले.

संग्रहाच्या रचनेविषयी थोडे. प्रत्येक गाण्यासोबत स्वरलिपी, ताल आणि सुचविलेली पट्टी दिली आहे. पुरुष शिक्षकांना आपल्या गळ्याच्या सोयीची पट्टी वर्गावर लादण्याचा मोह होतो. त्यांनी पेटीवर सूर देण्यापूर्वी मुलांना आधी बिनपेटीचे गाऊ द्यावे आणि त्यांचा सूर जेथे आपोआप बसतो तेथून आरंभ करावा, अशी शिफारस आहे. अगदी लहानांची गाणी चार-पाच स्वरांच्या आत ठेवली आहेत. कवीचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव शक्य तेथे दिले आहे. काही ठिकाणी ते देता आले नाही, कारण गाणे सर्वांच्या हातून घडले आणि कोणाचे किती हे ठरविण्याची इच्छाच कोणाला उरली नाही. प्रसंगाच्या निमित्ताने लिहिलेली उपदेशपर गाणी संपादकांनी वगळली, हा त्यांचा निर्णय मला सर्वस्वी मान्य आहे.

ज्या शिक्षकांच्या, पालकांच्या आणि बालवाडीताईंच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांना विनंती अशी, की ही गाणी घेताना पट्टी, लय आणि गरज पडल्यास शब्दही बदलण्यास त्यांना पूर्ण मुभा आहे. मुलांनी स्वतः काही बदल केला तर तो खोडू नये, तारीख घालून वहीत लिहून ठेवावा. आणि आपल्या गावी, आपल्या तालुक्याला, हेच काम करणारी आणखी चार माणसे शोधून महिन्यातून एकदा कोणाच्या तरी वर्गात बसण्याचा परिपाठ सुरू करावा. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. एक खोली, एक पेटी आणि प्रत्येकाचे एक गाणे पुरते.